विरघळणारा स्टेंट घ्यावा का?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, हर्णेला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत ८० टक्के अडथळा निघाला. साधा, औषधी आणि विरघळणारा असे तीन स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या, सांगितलेत. विरघळणारा महाग आहे, पण आत काही उरत नाही. तोच घ्यावा का? बोटीवर परत कधी जाता येईल?

उत्तर : वडिलांना झटका येऊन गेला नसेल आणि दुखणं फक्त श्रमानंतर येत असेल, तर स्टेंट आत्ताच लागतो का, गोळ्यांवर भागेल का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

स्टेंट टाकायचंच ठरलं, तर औषधी घ्या. साधा म्हणजे नुसती धातूची जाळी. त्यात आतून पेशी वाढून दर चार-पाच रुग्णांपैकी एकाची वाहिनी पुन्हा अरुंद व्हायची. औषधी स्टेंटवरचं सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस ही वाढ रोखतं, म्हणून साधा आता क्वचितच वापरतात.

विरघळणाऱ्याची कल्पना चांगली, पण अडचण जाडीची. औषधी स्टेंटच्या तारा ६० ते ८० मायक्रॉनच्या, तर पहिल्या विरघळणाऱ्या ॲबसॉर्बच्या सुमारे १५० मायक्रॉनच्या. जाड तारेभोवती रक्त घोटाळतं आणि गुठळी धरते. गुठळ्यांचं प्रमाण जास्त दिसलं आणि २०१७मध्ये त्याची विक्री थांबली. पुढे पातळ जाळ्या आल्या, तरी त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं आम्हाला वाटत नाही. शिवाय फेब्रुवारी २०१७च्या सरकारी आदेशात विरघळणारे स्टेंट औषधी गटातच धरून दोन्हींना २९,६०० रुपयांची एकच कमाल मर्यादा घातली होती. मर्यादा नंतर बदलत गेली, तेव्हा आजची विचारून घ्या. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहून मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधीच पाहा.

खरा धोका गुठळी रोखणाऱ्या गोळ्या चुकण्यात आहे. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, दोन्ही मिळून साधारण ६ महिने, झटक्यानंतर १२ महिने. पुढे ॲस्पिरिन चालूच. पित्तासाठी ओमेप्राझोल स्वतःहून घेऊ नका, क्लोपिडोग्रेलचा परिणाम त्याने कमी होतो. पॅन्टोप्राझोल चालेल का, ते विचारा.

गुठळीची भीती पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त, आणि समुद्रात छातीत दुखलं तर दवाखाना कितीतरी तासांवर. म्हणून निदान महिनाभर बोट नको, पुढेही तपासणी करूनच. फेरीला जाताना ठरल्या दिवसांपेक्षा जास्त गोळ्या कोरड्या डब्यात न्याव्यात, एक पाकीट दुसऱ्या खलाशाकडे द्यावं. गळ लागून रक्त आलं, तर स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरायचं. शौचाला काळी झाली, तर लगेच डॉक्टर.

प्रश्न : आईला चार महिन्यांपूर्वी स्टेंट टाकला. दाढ काढायला देवगडच्या डॉक्टरांनी गोळ्या पाच दिवस बंद करायला सांगितल्या. करू का?

उत्तर : हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. एक दाढ सहसा दोन्ही गोळ्या चालू ठेवून काढता येते, टाका घालून आणि गॉज दाबून रक्त थांबतं. दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं घडवून आणा.