ब्रिटिश घराचा काळ ओळखायचा असेल तर आधी मागच्या बाजूला जा

नॉर्मन, गॉथिक, ट्यूडर, जॉर्जियन, व्हिक्टोरियन हा क्रम कसा घडत गेला आणि इमारत पाहून तिची शैली कशी ओळखावी, असे आपण विचारले आहे. क्रम कोणत्याही पुस्तकात मिळेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १०९३ मध्ये सुरू झालेल्या डरहॅम कॅथेड्रलचे जाडजूड खांब आणि अर्धवर्तुळाकार कमानी म्हणजे नॉर्मन. ११७४ च्या आगीनंतर कँटरबरीला जे नवे काम झाले, तेथून टोकदार कमानींचे गॉथिक रुजले. १६१६ मध्ये वास्तुविशारद इनिगो जोन्सने लंडनजवळच्या ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसचे काम सुरू करून इटलीची प्रमाणबद्धता आणली; तीच पुढे जॉर्जियन घरांत उतरली. १८३४ मध्ये जळालेली ब्रिटिश संसद व्हिक्टोरियन काळात पुन्हा गॉथिक वळणाने उभी राहिली आणि तीच लाट पुढे मुंबईत पोहोचली; राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेही नव्हते.

परंतु राजाराण्यांच्या नावांवरून शैली पाठ करणे मला मान्य नाही. सामान्य घरे राजाच्या आवडीने बदलली नाहीत. ती आगीने, कायद्याने आणि करांनी बदलली.

लंडनमधील एका कार्यालयात मी जुन्या घरांच्या पाहणीचे काम करत असे. एका घराच्या दर्शनी खिडक्यांना मोठ्या अखंड काचा होत्या आणि वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपांपैकी वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांत लाकडाची पुढे आलेली टोके, म्हणजे ‘हॉर्न’, होती. माझ्या वरिष्ठांनी तेवढ्यावरून घर व्हिक्टोरियन ठरवले. काचेवरील कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये उठल्यावर मोठ्या काचा परवडू लागल्या, मधल्या पट्ट्या गेल्या आणि जड काचेचा भार पेलण्यासाठी ही टोके आली, इथपर्यंत त्यांचे बरोबर होते. पण त्यावरून खिडकीचे वय कळते, घराचे नव्हे. मागच्या बाजूला लहान तावदानांच्या, बारीक पट्ट्यांच्या, हॉर्न नसलेल्या खिडक्या शाबूत होत्या. लंडनमध्ये १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत ढकलली आणि १७७४ च्या कायद्याने तिच्या बाजूच्या, झडपा तोलणारी वजने ज्यात असतात त्या लाकडी पेट्या विटांच्या आड घालायला लावल्या, कारण उघडे लाकूड आग पसरवते. या घरात पेट्या विटांच्या आडच होत्या. जिन्याचा कठडाही अठराव्या शतकाच्या अखेरचाच होता. म्हणजे घर व्हिक्टोरियन नव्हे, जॉर्जियन होते. मालकांनी पुढे फॅशनप्रमाणे काचा बदलल्या आणि जिकडे कोणी पाहत नाही तिकडे खर्च केला नाही, इतके ते सरळ होते.

वरिष्ठांचे म्हणणे असे की दर्शनी भाग हीच शैली, मागची बाजू केवळ सोय. अहवालात ‘व्हिक्टोरियन’ असेच गेले. घर संरक्षित यादीत नव्हते. मागच्या खिडक्या निरुपयोगी ठरवून काढून टाकण्यात आल्या. त्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझा सल्ला असा, की प्रथम मागच्या बाजूला जावे, मग माळ्यावर, आणि दर्शनी भाग सर्वांत शेवटी पाहावा. अर्थात, वरील दोन्ही कायदे लंडनपुरते होते. इतर गावांत भिंतीच्या रेषेतील चौकटी पुढे बरीच वर्षे बसत राहिल्या. बुजवलेली प्रत्येक खिडकीही कर चुकवण्यासाठीच बुजवली असे मानू नये, कारण पुष्कळ ठिकाणी समतोल साधण्यासाठी ती मुळातच आंधळी, म्हणजे बंदच, बांधलेली असे. चर्च आणि राजवाडे यांना तर मागून पाहण्याचा हा नियम लावूच नये.

मात्र दर्शनी भाग म्हणजेच शैली, हे मत ससेक्समधील लुईस गावात टिकत नाही. तेथे जुन्या लाकडी सांगाड्यांच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर अठराव्या शतकात अशी कौले ठोकली गेली, की समोरून ती थेट विटांची भिंत वाटते. अशा घरापुढे समोरच्या कौलांचे शतक लिहायचे की आतल्या लाकडाचे, हे मी त्या वरिष्ठांना विचारले होते. त्यांनी मला उत्तर दिलेले नाही.