ड्रायर फिरत नाही, म्हणून मशीन मोडीत काढायचं का?

प्रश्न : आमचं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन 2003 साली घेतलेलं आहे. दोनदा बेल्ट बदलला, एवढाच आजवरचा खर्च. महिनाभरापासून ड्रायर लावला की नुसता घूंऽ आवाज येतो, भांडं फिरत नाही. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो, आता फ्रंट लोडच घेऊ. पण माझ्या जावेचं तसलंच मशीन चौथ्या वर्षी बंद पडलं आणि कार्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायला नऊ हजार सांगितले. सासूबाई म्हणतात, पूर्वीच्या वस्तू टिकायच्या, आताच्या टिकत नाहीत. हे खरं आहे का? मी काय करू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, आधी एक काम करा. हे उत्तर वाचून होईपर्यंत ड्रायर परत लावू नका. घूं आवाज येतो म्हणजे मोटरला वीज पोचतेय, पण तिला फिरता येत नाही. अशी ती दोन-चार वेळा तापली की आतली तार जळते आणि दोनशे रुपयांचं काम मोटर भरण्यावर, म्हणजे तिची तार नव्यानं गुंडाळण्यावर जातं. काही जण झाकणाचा स्विच दाबून धरतात आणि भांड्याला हातानं धक्का देऊन ते सुरू करतात. हे तर कधीच करू नका. ते भांडं मिनिटाला 1300च्या आसपास फेरे घेतं. बोटं अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता बिघाडाचं सांगतो. झाकण उघडलं की ड्रायरला ब्रेक लागतो. त्यामुळे हातानं फिरवताना भांडं जड लागणारच, त्यावरून मोटर जाम झाली असं धरू नका. मेकॅनिकला मागचं कव्हर उघडायला सांगा आणि स्वतः शेजारी उभ्या राहून बघा. तो ब्रेकची पट्टी तारेनं मागे ओढेल आणि मोटरवरचा जोड बोटानं फिरवेल. जोड दोन-तीन फेरे मोकळा फिरला, तर दोष बहुधा कंडेन्सरचा, म्हणजे मोटरला फिरायचा जोर देणाऱ्या भागाचा. अंगठ्याएवढा किंवा काडेपेटीएवढा डबा असतो तो, माझ्याकडे दीड-दोनशेत बसतो. जोड अर्ध्या फेऱ्यात अडला आणि त्याच्याभोवती तांबूस पाण्याचा ओघळ दिसला, तर वरचं रबरी सील गेलंय आणि पाणी मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशापर्यंत उतरलंय. मग सील आणि मोटर दोन्हीकडे बघावं लागेल. तरीही खर्च नव्या मशीनच्या आसपासही जात नाही. तुमच्या वर्णनावरून मला कंडेन्सर वाटतोय.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. लातुरात मी 1994 पासून हे काम करतोय. त्या काळातली कितीतरी मशिनं मी स्वतः भंगारात घातली. मोरीत ठेवलेल्या मशिनांचे पत्रे खालून असे सडायचे, की उचलायला गेलं की तळ हातात यायचा. जी टिकली ती आज घराघरांत दिसतात, जी गेली त्यांची आठवण कुणाला राहत नाही. म्हणून जुनं ते सगळंच मजबूत होतं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या मशीनमध्ये आहे काय? दोन मोटरी, दोन कंडेन्सर, किल्ली दिलेल्या घड्याळासारखे चालणारे दोन टायमर, एक बेल्ट, दोन-तीन सीलं. प्रत्येक वस्तू वेगळी निघते, वेगळी मिळते. त्यामुळे ते बावीस-तेवीस वर्षांनीही दुरुस्त होतं.

नव्या मशीनच्या मोटरीबद्दल माझी तक्रार नाही. इन्व्हर्टर मोटर उत्तम असते, तिला झिजणारे कार्बनचे तुकडे नाहीत, बऱ्याच मशिनांत बेल्टही नाही. बहुतेक कंपन्या मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात आणि तोच आकडा दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवतात. पण बंद पडतं ते कार्ड, आणि त्याची वॉरंटी बहुधा दोनच वर्षांची. आपल्याकडे व्होल्टेज एकसारखं राहत नाही, शिवाय कार्डाच्या उबेला मुंग्या आणि पाली जातात. मागच्या पावसाळ्यात एका घरी कार्ड उघडलं तर झाळलेल्या दोन टाक्यांच्या मधोमध पालीचं पिल्लू चिकटून जळालं होतं. टाके साफ करून, रिले म्हणजे त्यावरचा छोटा स्विच बदलून ते कार्ड आजही चालू आहे. तुमच्या जावेनं नऊ हजार भरले नसतील तर कार्ड दुरुस्त करणाऱ्याला आधी दाखवावं, असं त्यांना सांगा.

दुसरी गोष्ट मला फार खटकते. काही फ्रंट लोड मशिनांचा टब दोन अर्धे तुकडे वितळवून कायमचा जोडलेला असतो. आतलं बेअरिंग काही शे रुपयांचं, पण तिथपर्यंत हातच पोचत नाही, म्हणून अख्खा टब बदलायला सांगतात. गिऱ्हाइकाला हे सांगताना मला वाईट वाटतं. म्हणून दुकानात विचारा, टब स्क्रूनं उघडतो का? सेल्समनला माहीत नसेल तर त्याला सर्व्हिस सेंटरला फोन लावायला लावा. युरोपात 2021 पासून नियम आहे, की मशीनचं मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये ग्राहक खात्यानं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, पण असं कायद्याचं बंधन आपल्यालाही हवं. वॉरंटीत दाद दिली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणि पाणी! आपल्या भागात मशीन निवडताना हेच आधी बघायचं. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, ते दिवस तुम्हीही विसरला नसाल. तेव्हा फुल ऑटोमॅटिकवाल्या घरांतून मला रोज फोन, मशीन भरतच नाही. मशिनांत काहीच दोष नव्हता. नळाला दाब नव्हता, आणि दाब नसला की ती मशिनं पाणी घेत नाहीत. सेमीवाल्या बायका मात्र हौदातलं पाणी बादलीनं ओतून कपडे धूत होत्या, खळबळलेलं पाणी पुढच्या घाण्याला वापरत होत्या आणि उरलेलं संडासाला. त्या उन्हाळ्यात कुठलं मशीन भरवशाचं, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर फ्रंट लोडच्या हीटरवर पानाला लावायच्या चुन्यासारखा पांढरा थर बसतो. पाणी तापलं की त्यातला क्षार खाली बसतो, म्हणून साठ अंशांचा कार्यक्रम रोज लावायचा नाही, तीस-चाळीसवर भागतं. साबणाची पावडर जास्त झाली की तिचा चिखल ड्रमच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या तिकाटण्यावर साचून त्याला खातो, म्हणून मापानंच टाकायची.

मुलाला नाराज करू नका. त्याला आईचे कष्ट कमी करायचे आहेत, आणि ओले कपडे एका भांड्यातून दुसऱ्यात उचलून टाकताना या वयात कंबर भरून येते हेही खरंच. पण तुमची गच्चीवरची टाकी मशीनपेक्षा निदान दहा फूट उंच आहे का, नळाला बारा महिने पाणी असतं का, अर्थिंग नीट आहे का, हे आधी त्याला बघू द्या. तिन्हींचं उत्तर हो असेल तर घ्या नवं, मोरीबाहेर कोरड्या जागी बसवा, आणि काम झाल्यावर पिन काढून ठेवा.

तोवर या आठवड्यात कंडेन्सर बदलून घ्या. जुन्यावर जो आकडा छापलाय तोच नव्यावर असला पाहिजे. मेकॅनिक ‘जवळपासचा चालतो’ म्हणाला तर घेऊ नका. मागचं कव्हर लावण्याआधी ड्रायर एकदा रिकामा आणि एकदा ओल्या चादरीसकट चालवून दाखवायला सांगा.