चाचणीच्या लॅबमध्ये ईमेल तपासायला काय वापराल?

आधी एक ठरवा. तुमचं ॲप्लिकेशन मेल सोडतंय का, एवढंच बघायचंय? की दोन सर्व्हर एकमेकांना मेल नीट पोचवतात का, हे?

पहिल्यासाठी मेलपिट हा चाचणीपुरता मेल सर्व्हर पुरे. १०२५ पोर्टवर मेल घेतं, ८०२५ वर ब्राउझरमध्ये दाखवतं, मुद्दाम सांगितल्याशिवाय बाहेर काही पाठवत नाही. जुन्या लेखांत मेलहॉग हे तसंच साधन भेटेल, पण त्याची देखभाल कधीच थांबलीय. नव्याने त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्यासाठी दोन व्हर्च्युअल मशीनवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाका आणि मेल सोडायला स्वॅक्स हे कमांड लाइनचं साधन घ्या. स्वॅक्स मला आवडतं, कारण सर्व्हरशी झालेलं अख्खं बोलणं ओळीओळीने समोर येतं. मजकूर पाठवून झाल्यावर सर्व्हरकडून २५० हा उत्तराचा कोड आला म्हणजे समोरच्याने मेल ताब्यात घेतला. इनबॉक्समध्ये पडलाच असं नव्हे. ४५१ म्हणजे ‘नंतर या’, मग मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्सच्या रांगेत थांबतो आणि मेलक्यू कमांडला दिसतो. ५५० म्हणजे सरळ नकार. मुद्दाम चुकीचा पत्ता देऊन बाउन्स, म्हणजे मेल पोचला नसल्याची सूचना, कशी परतते तेही बघाच.

पत्ते डॉट टेस्टने (.test) संपणाऱ्या डोमेनचेच ठेवा. आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने १९९९ सालीच ते चाचणीसाठी राखून ठेवलंय. लॅबच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) एमएक्स नोंदी, म्हणजे कुठल्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ते, मात्र तुम्हालाच घालाव्या लागतील. डीएनएसमास्क या छोट्या डीएनएस सर्व्हरमध्ये दोन ओळींचं काम आहे. ग्राहकांची खरी यादी लॅबमध्ये आणू नका, आणि बाहेर जाणारा २५ पोर्ट फायरवॉलवर बंद करून टाका.

मेल स्पॅममध्ये जाईल का, हे इथे कळणार नाही. त्याला खरं डोमेन आणि खरा आयपीच लागतो.