हिरवे चिन्ह आणि चालकाचा भरवसा

प्रश्न : आमच्या नव्या गाडीत लेन सांभाळण्याची आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखण्याची सोय आहे. पडद्यावर हिरवे चिन्ह आले की माझे यजमान निर्धास्त होतात. एवढा विश्वास योग्य आहे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. अशी गाडी सहसा एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने गाडीच्या स्वयंचलनासाठी ठरवलेल्या ० ते ५ या वर्गवारीत पातळी २ वर येते, आणि तेथे रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी चालकाचीच असते. मात्र दोष केवळ यजमानांचा नाही. अनमोड घाटात पावसात पांढरे पट्टे कॅमेऱ्याला दिसेनासे झाले, की काही गाड्यांत ते हिरवे चिन्ह आवाज न करता राखाडी होते, आणि वळणाकडे पाहणाऱ्या चालकाला आपली मदत सुटल्याचे कळतही नाही. ही मांडणी मला धोकादायक वाटते. यंत्रणेला समोरचे काय दिसते आहे हे जो पडदा दाखवतो आणि ती सुटताना जो स्टिअरिंगच्या कंपनाने जाणवून देतो, तो विश्वासाला योग्य मापात ठेवतो. शिवाय स्टिअरिंगवर हात असणे म्हणजे लक्ष असणे नव्हे. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे २०१८ साली झालेल्या प्राणघातक अपघाताच्या तपासात अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हे स्पष्ट नोंदवले आहे. म्हणून डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा अधिक उपयुक्त. मदत सुटल्याची सूचना आपल्या गाडीत कशी मिळते, हे यजमानांनी पुस्तिकेत आधी वाचावे आणि घाटात ती सोय बंदच ठेवावी.