'ज्ञ'चा उच्चार

प्रिय चिनू,

काल झोपताना तू विचारलंस की, आपण 'द्न्यान' म्हणतो, तुझी लखनौची मैत्रीण 'ग्यान' म्हणते आणि योगवर्गातल्या बाई 'ज्नाना' म्हणतात, तर बरोबर कोण? एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

'ज्ञ' हे जोडाक्षर आहे: ज् आणि ञ. संस्कृत कोशात 'ज्ञान' शोधायचं तर 'ज'मध्येच बघावं लागतं. 'जीव' म्हणून बघ, जीभ टाळूला लागते. आता 'मंजिरी' म्हण. त्यातला अनुस्वार म्हणजेच ञ, आणि तोही टाळूवरचाच. हे दोन आवाज मध्ये स्वर न घेता जोडणं जिभेला जड जातं. म्हणून मराठी जीभ पुढे दातांकडे सरकली आणि 'द्न्य' झालं. हिंदी जीभ मागे गेली आणि 'ग्य' झालं. गुजरातीत 'ग्नान' ऐकू येतं. पालीत तर 'ज'च गेला आणि 'ञाण' उरलं. योगाच्या बाई रोमन अक्षरं वाचतात, त्यात शेवटचा 'अ' लांबतो एवढंच.

मूळ धातू 'ज्ञा', म्हणजे जाणणे. आपलं 'जाणणे'सुद्धा त्यातूनच आलंय, तिथे जोडाक्षर पार विरघळून गेलं. आणि हे तुला नक्की आवडेल: ग्रीक 'ग्नोसिस' आणि तू शाळेत रोज लिहितेस तो इंग्रजी 'नो' (जाणणे या अर्थाचा) याच कुळातले. त्या 'नो'च्या आधीचा मुका 'के' पूर्वी उच्चारला जायचा. म्हणजे तिकडेही लोकांनी जड जोडाक्षर हलकं करूनच घेतलं.

आपल्याकडे नेवाशाला 1290 साली ज्यांनी गीतेवर टीका सांगितली, त्यांना आपण 'द्न्यानेश्वर' म्हणतो. पण त्यांचीच पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते, तेव्हा वारकरी 'ग्यानबा-तुकाराम' म्हणत नाचतात. माउलींच्या नावात 'ग'सुद्धा आहे, आणि तो अस्सल मराठी आहे! मला यात फार आनंद वाटतो.

तू मात्र 'द्न्यान'च म्हण. तो आपल्या घराचा उच्चार आहे आणि मला तो तुझ्या तोंडून ऐकायचाय. मैत्रिणीला तिचा 'ग्यान' म्हणू दे. तिचं कुणी चुकीचं ठरवलं, तर त्याला वारीतला गजर ऐकव.

तुझी,
आई