जुने मोल्डर माझं ऐकत नाहीत

प्रश्न: ताई, मी मेटलर्जीची इंजिनिअर, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) क्वालिटीला आहे. आता शिफ्ट माझ्याकडं दिलीय, पण वाळूचे साचे करणारे जुने मोल्डर मामा मान हलवतात आणि करतात आपलंच. आवाज चढवू का?

उत्तर: नको गं. आवाजानं फारतर त्या दिवसाचं काम होईल. ब्लोहोल, म्हणजे आत भोकं, आलेलं कास्टिंग (साच्यातून निघालेला ओतीव भाग) घेऊन त्यांच्याकडंच जा आणि विचार, मामा तुम्हाला काय वाटतंय, कारण वाळू मुठीत दाबून ओल सांगणारी माणसं आहेत ती, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. मग तुझा ओलावा मोजायच्या टेस्टरचा आकडा समोर ठेव. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो, जास्त झाला की लोखंड ओतताना वाफ अडकते आणि भोकं पडतात, हे दोघांनी मिळून बघितलं की मग कोण मोठं हा वादच राहत नाही. सेफ्टीत मात्र अजिबात मऊ पडू नकोस, गॉगल आणि बूट नसतील तर लॅडलजवळ (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) उभंच करायचं नाही, मामा कितीही सिनिअर असू देत. आणि रिजेक्शन कमी झालं की मीटिंगमध्ये त्यांचं नाव घे, पण स्वतःचं कामही ठासून सांग, आपल्या पोरी तिथंच गप्प बसतात.