नळी कोणत्या बाजूला?

नौपाडा, ठाणे

चि. नेमबाजास,
अनेक आशीर्वाद.

पिस्तूल न्यायला कोणती सॅक, कोणती पेटी घ्यावी म्हणून तू पाठवलेले फोटो पाहिले. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची, चहूबाजूंनी पट्टेच पट्टे शिवलेली ती सॅक तुझ्या मनात भरलीय हे तू न लिहिताही कळलं, कारण तिचे एकटीचे तीन फोटो आहेत आणि बाकीच्यांचा एकेक. ती घेऊ नकोस. फोनवरही हेच सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करतोस आणि ठेवल्यावर त्यातलं निम्मं विसरतोस. म्हणून हे लिहायला बसले.

ती सॅक ज्या गिऱ्हाइकासाठी बनवलीय, ते अमेरिकेत राहतं. सॅक गाडीच्या डिकीत टाकून निघतं आणि नेमबाजीच्या रेंजच्या दारात उतरतं. त्याच्याकडे चार पिस्तुलं असू शकतात, म्हणून आत चार उभे कप्पे. तू ऐरोलीला ठाणे-पनवेल गाडीत शिरणार, तुर्भ्यापर्यंत एका पायावर उभा राहणार, जुईनगर-नेरुळनंतर जमलं तर बसणार. तुझ्याकडे आज एक एअर पिस्तूल आहे; परवाना मिळाला तर पुढेमागे एक पॉइंट टू-टू, म्हणजे काडतुसांचं पिस्तूल, येईल. डब्यातल्या गर्दीत तुझ्या पाठीवर लष्करी दिसणारी सॅक असली की माणसं आधी सॅककडे बघणार, मग तुझ्याकडे. आपल्या सामानाकडे कुणी दुसऱ्यांदा बघू नये, असं सामान हवं.

मी ठाण्याहून वरळीच्या रेंजवर जायचे तेव्हा माझ्याकडे निळ्या रेक्झिनची बॅग होती, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत दप्तरं शिवणाऱ्याकडून करून घेतलेली. दादरपर्यंत लोकल, पुढे बस. रोजच्या डब्यातल्या बायकांना कित्येक वर्षं मी विमा एजंट वाटत होते. एकीनं तर मुलाच्या पॉलिसीबद्दल विचारलंही.

तेव्हा माझं म्हणणं असं: कॉलेजला नेतोस तसलीच साधी, गडद रंगाची, रुंद पट्ट्यांची सॅक घे आणि तिच्या आत कडक पेटी ठेव. (आमचे सर केसला पेटीच म्हणायचे, मीही तेच म्हणते. केस म्हटलं की एकतर कोर्टातली, नाहीतर डोक्यावरची.) नुसत्या मऊ, चेनच्या बॅगेवर विसंबू नकोस. चेनच्या दोन्ही खिट्ट्या एकत्र करून कुलूप लावलंस तरी साध्या बॉलपेनच्या टोकानं चेन मधूनच फाकते, आणि खिट्टी फिरवली की परत जशीच्या तशी मिटते. उघडली होती हे कळतही नाही. पेटीला कडेला कुलपासाठी भोकं असतात, ती प्लॅस्टिकची असली तरी जाड आहेत ना एवढं बघ. आणि सॅक गाडीत वरच्या रॅकवर टाकायची नाही. मांडीवर, किंवा उभा असलास तर पोटाशी.

पिस्तुलाबरोबर कंपनीची पेटी आली आहे, मग दुसरी कशाला, असं तुझ्या बाबांनी विचारलं म्हणालास. प्रश्न रास्त आहे. आधी तीच वापरून बघ. बहुतेकांचं तिच्यावर भागतं. नवी घ्यायची झालीच तर खालच्या दोन गोष्टींसाठी घे, रंगासाठी नको.

त्यातली पहिली मी अंगाशी आल्यावर शिकलेय. क्लबमध्ये येऊन मला दोन-तीन महिने झाले असतील. पेटी टेबलावर ठेवली, जशी कुणीही ठेवेल तशी, आडवी, मूठ आपल्याकडे. झाकण उघडलं. सर माझ्या डाव्या हाताला शेजारच्या लेनमध्ये उभे होते. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "नळी कुठे बघतेय?" नळी त्यांच्या पोटाकडे बघत होती. पिस्तूल रिकामं होतं, मी तसं म्हणालेही. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्या सकाळी मी एकही शॉट मारला नाही. पेटी बंद कर, उचल, मागे जा, परत ये, ठेव, उघड. दीड तास तेच.

मुद्दा साधा आहे, पण दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही. पेटी लांबट असते आणि पिस्तूल तिच्यात लांबीनं झोपलेलं असतं. टेबलावर पेटी आडवी ठेवलीस की नळी शेजारच्या लेनकडे जाते. म्हणून पेटी उभी ठेवायची, नळीची बाजू टार्गेटकडे, झाकण बगलेकडे उघडायचं. म्हणजे पेटी उघडायच्या आधीच, बाहेरूनच, नळी कोणत्या टोकाला आहे ते कळलं पाहिजे. माझ्या पेटीच्या त्या टोकाला लाल चिकटपट्टीचा तुकडा आहे. वर काही लिहिलेलं नाही. बघणाऱ्याला वाटतं तडा गेलाय म्हणून चिकटवलंय.

आता तुझा तो दुसरा फोटो, दोन पिस्तुलांची पेटी. त्यात फोमचे खाचे नीट बघ. जागा वाचावी म्हणून दोन पिस्तुलं उलटसुलट झोपवलीत, एकाची नळी डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, रेल्वेच्या एकाच बाकावर दोघं डोकं-पाय करून झोपतात तशी. ती पेटी तू कशीही ठेव, फिरव, एक नळी कुणा ना कुणाकडे बघणारच. म्हणून दोन पिस्तुलं एका पेटीत ठेवायची झाली तर दोन्ही नळ्या एकाच दिशेला असतील अशीच पेटी घ्यायची, मग ती रुंद होवो. त्यापेक्षा दोन वेगळ्या पेट्या बऱ्या. पॉइंट टू-टू आलं की त्याचा परवाना, काडतुसं, कुलूप हा सगळा व्यापच निराळा असतो. काडतुसं पिस्तुलाच्या पेटीत ठेवायची नाहीत, त्यांची डबी वेगळी, तिला कुलूप वेगळं.

मापं घेताना सेफ्टी फ्लॅगसकट घे, म्हणजे नळी रिकामी आहे हे दिसावं म्हणून तिच्यात ओवतो त्या दोरीसकट. हे सगळे विसरतात. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे एअर पिस्तूल ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटरच्या चौकटीत बसावं लागतं, म्हणून लोक बेचाळीस सेंटिमीटर आतली लांबी धरून पेटी घेतात. मग नळीतून आरपार गेलेली केशरी दोरी टोकाला मुडपून कोंबतात, आणि महिनाभरानं कंटाळून फ्लॅग काढूनच पिस्तूल ठेवायला लागतात. फ्लॅग रेषेवर उभं राहिल्यावरच निघायला हवा. पेटी आखूड म्हणून सवय मोडली, असं व्हायला नको.

दुसरी गोष्ट पावसाची. म्हणजे पावसाची म्हणतेय, पण मी भिजले नव्हते. एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी सराव करून आले, घामेजलेल्या हातानं पॉइंट टू-टू पेटीत ठेवलं आणि खिट्ट्या लावल्या. चांगली महागाची पेटी, कडेला रबराची रिंग असलेली, पाण्यात टाकली तरी आत थेंब जात नाही म्हणून घेतलेली. मग घरी पाहुणे, मोदक, आरत्या. अकराव्या दिवशी उघडली तर निळसर काळ्या नळीवर तांबूस रंगात माझ्या अंगठ्याचा ठसा. रेघ न रेघ. आधार कार्डाला चालला असता. बारीक स्टील वूल आणि तेल घेऊन बसले, गंज निघाला, पण पॉलिशही गेलं. तो फिकट डाग अजून आहे.

पाणी आत येऊ न देणारी पेटी पाणी बाहेरही जाऊ देत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बंद कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे घामाचा हात लागलेलं पोलाद बंद डब्यात काय करणार? त्यामुळे पेटी ही वाहतुकीसाठी, मुक्कामासाठी नाही. घरी आलास की पिस्तूल बाहेर काढ, कोरड्या फडक्यानं पूस, पोलादी भागांवर तेलाचा हात फिरव आणि कुलूपबंद कपाटात ठेव. तुझी बहीण लहान आहे, ते कपाट कुणाच्या हाताला लागणार नाही असं हवं. पेटी उघडी करून पंख्याखाली. सिलिका जेलच्या पुड्या टाक, पण त्यांचंही पोट भरतं. केशरी दाण्यांच्या घे, ओल भरली की त्या हिरव्या होतात. मग मंद आचेवर कोरड्या करायच्या, आईच्या रोजच्या तव्यावर नव्हे.

फोमही बघून घे. स्पंजासारखा मऊ, बोटानं दाबला की हळूहळू वर येणारा फोम पाणी पितो. दमट हवेत तो काही वर्षांनी चिकट होतो, त्याचा काळा भुगा पडतो, आणि तो भुगा ट्रिगरच्या यंत्रणेत शिरला की साफ करता करता नाकी नऊ येतात. त्याऐवजी चपलेच्या तळव्यासारखा जरा कडक, बंद छिद्रांचा फोम मागायचा. दुकानदाराला नाव समजलं नाही तर वर पाण्याचा थेंब टाकून बघ. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर घे, जिरला तर ठेव खाली.

खाचा असा हवा की पिस्तूल मूठ आणि नळी यांच्यावर टेकेल, साइटवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, नाही. मागच्या साइटच्या कडेचा तो दातेरी स्क्रू फोमला घासला तर पिस्तूल बाहेर काढताना एखाद-दोन क्लिक फिरतो. तू सकाळी पहिले पाच शॉट डावीकडे गेले की खांद्याला दोष देत बसणार. मीही बसले होते, एक अख्खा आठवडा.

स्टेशनवरच्या तपासणीचं तू विचारलं नाहीस, म्हणजे अजून गाठ पडलेली नाही. तुझं दहा मीटरचं एअर पिस्तूल कायद्याच्या हिशेबात किरकोळ आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर वेपनची नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नसेल आणि ऊर्जा २० जूलच्या वर जात नसेल तर परवाना लागत नाही. आपली पिस्तुलं सहा-सात जूलच्या घरातली. पण एक्स-रे मशीनच्या पडद्यावर जूल दिसत नाहीत, पिस्तूल दिसतं. २००८च्या नोव्हेंबरनंतरच्या दिवसांत एका मोठ्या स्टेशनच्या दारात मला बाजूला घेतलं. मी "थांबा, दाखवते" म्हणत बॅगेत हात घातला. समोरचा हवालदार माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि त्याचा हात कमरेकडे गेला. मी हात बाहेर काढून तसेच वर धरले, मग बोलले. उलट करायला हवं होतं. आधी बोलायचं: स्पोर्ट्स शूटिंगचं सामान आहे, कागद बाहेरच्या कप्प्यात आहेत, बाजूला नेऊन तुम्हीच उघडा. म्हणून सॅकला बाहेरून एक सपाट कप्पा हवाच. त्यात बिल, क्लबचं ओळखपत्र, स्पर्धा असेल तेव्हा प्रवेशपत्र. मॉलमध्ये मात्र पिस्तूल घेऊन जाऊच नकोस. रेंजवरून थेट घरी. स्कूटरच्या डिकीत ठेवून "पाच मिनिटांत येतो" हेही नाही.

बाकीचं थोडक्यात. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर सुटा गडगडू द्यायचा नाही, त्याला जुना जाड मोजा पुरतो. आत २०० बारपर्यंत दाब असतो, आटे दुखावले तर महागात पडतं. त्याच्यावर तारीख कोरलेली असते, दहा वर्षांनी तो बाद. छर्रे शिशाचे असतात, त्यांची डबी आणि तुझा पोळीभाजीचा डबा एका कप्प्यात मला दिसला तर डबा मी खाईन आणि तू उपाशी राहशील. खाण्याआधी हात साबणानं धू, नुसते पँटला पुसू नकोस. अॅलन कीचा संच, ओ-रिंग, ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असेल तर जास्तीची बॅटरी, यांना एक छोटी पिशवी. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, घड्याळ थांबलं नाही, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिनं दोन कांस्यपदकं घेतली, ते तुला पाठ आहे. पण टोकियोतली ती मिनिटंही आठवत जा, सामान भरताना.

रविवारी साडेनऊला ये. फोम तयार खाच्याचा घेऊ नकोस, सपाट लादी घे. पिस्तूल, त्यात फ्लॅग घातलेला, आणि मोठा कागद आण. कागदावर पेन्सिलीनं आकार काढू आणि रेषेच्या थोडं आतून कापू, म्हणजे पिस्तूल घट्ट बसेल. ब्लेडनं फोम फाटतो, त्याला दातेरी पावाची सुरी लागते. ती माझ्याकडे आहे. येताना लाल चिकटपट्टी तेवढी घेऊन ये, माझी संपलीय.

तुझी,
मॅडम